आईला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करू नका!

आज १० मार्च. गरोदरपणातील मधुमेहासंबंधी लोकजागृती करण्याचा राष्ट्रीय दिन म्हणून आपल्या देशातील डॉक्टर मंडळी हा दिवस पाळतात. चेन्नईचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. शेषय्या यांचा हा जन्मदिवस. प्रत्येक गरोदर स्त्रीची साखर तपासली गेली पाहिजे, हे ह्या गृहस्थांनी वर्षानुवर्षे घसा कोरडा करून सांगितले, तेव्हा कोठे सरकारी दप्तरात त्याची नोंद झाली. आज शहरात व्याख्याने होतील, रुग्णालयांच्या दारांवर फलक झळकतील, दोन-चार मान्यवरांचे सत्कार होतील आणि उद्या ते फलक उतरवून ठेवले जातील. असल्या 'दिनां'साठी आम्ही पहिल्या पानावरची ही जागा सहसा खर्ची घालीत नाही. ह्या खेपेस घालीत आहोत, कारण ह्या विषयात आमच्या पदरी एक पाप जमा आहे.

२०२५ सालच्या एप्रिल महिन्यात 'लॅन्सेट' समूहाच्या मधुमेहविषयक नियतकालिकात एक अवाढव्य अभ्यास प्रसिद्ध झाला. चीनमधील संशोधकांनी जगभरचे २०२ अभ्यास एकत्र करून पाच कोटी साठ लाखांहून अधिक मायलेकरांच्या जोड्यांची माहिती पडताळली. गरोदरपणी आईला मधुमेह असेल तर मुलात मेंदूच्या वाढीशी निगडित एखाद्या विकाराचे निदान होण्याचे प्रमाण इतर मुलांपेक्षा २८ टक्क्यांनी अधिक आढळले. स्वमग्नतेचे २५, अतिचंचलतेचे ३० आणि बौद्धिक अक्षमतेचे ३२ टक्क्यांनी अधिक. ही बातमी आली त्या रात्री आमच्या वृत्तकक्षात जागा थोडी होती आणि वेळ त्याहून थोडा. दुसऱ्या दिवशी वाचकांनी जो मथळा वाचला तो असा: 'आईच्या साखरेमुळे मूल मंदबुद्धी?' शेवटचे ते प्रश्नचिन्ह ही आम्हां पत्रकारांची जुनी ढाल. विधान करून मोकळे व्हावयाचे आणि जबाबदारी मात्र वाचकाच्या अंगावर टाकावयाची! संशोधकांनी स्वतःच सांगितलेली एक मोठी मर्यादा बातमीच्या अखेरच्या परिच्छेदात होती, आणि तो परिच्छेद जागेअभावी कापला गेला.

तीन आठवड्यांनी एक तरुणी कचेरीत भेटावयास आली. संपादकाच्या खुर्चीत बसण्यापूर्वी प्रस्तुत लेखकाने काही वर्षे एका शाळेत मराठी शिकविले. ही त्या वेळची विद्यार्थिनी. सातवा महिना लागलेला, चेहरा ओढलेला. तपासणीत तिची साखर अधिक आढळली होती. तिने पिशवीतून घडी घातलेले एक कात्रण काढून टेबलावर ठेवले. ते आमच्याच पत्राचे होते. "सर, माझं बाळ ढ निघेल का हो?" एवढेच तिने विचारले. विचारपूस करता कळले ते असे की, कात्रण तिला सासूबाईंनी दाखविले आणि त्या दिवसापासून तिने रात्रीचे जेवण सोडले. सोमवार, गुरुवार आणि चतुर्थी हे उपास वेगळेच. साखर उतरली पाहिजे ना! ज्या दिवसांत वजन वाढावयाचे त्या दिवसांत ते दीड किलोने घटले होते. सासूबाई काही दुष्ट नव्हत्या. नातवाच्या काळजीने त्यांचीही झोप उडाली होती. त्यांनी छापील शब्दावर विश्वास ठेवला, आणि तो शब्द आमचा होता.

तो 'ढ' हा शब्दही तिने कदाचित आमच्याच वर्गात ऐकला असेल. त्या काळी मास्तरांच्या तोंडी तो सर्रास असे. आमच्याही तोंडी होता, हे कबूल करावयास हवे. ज्या पोरांना आम्ही तो चिकटविला त्यांतल्या एकाला ऐकू कमी येत होते, एकाला तिसऱ्या बाकावरून फळा दिसत नव्हता, एक जण सकाळी उपाशीपोटीच शाळेत येत असे. कारण न शोधता शिक्का मारावयाचा ही ती सवय. ती आता प्रसूतिगृहाच्या दारात येऊन उभी राहिली आहे, आणि ह्या वेळी शिक्का मुलाबरोबर आईच्याही कपाळी बसणार आहे.

प्रथम त्या २८ टक्क्यांचा हिशेब करू. शंभरांतील अठ्ठावीस मुलांना विकार होतो असा त्याचा अर्थ पुष्कळांनी केला. तो साफ चुकीचा आहे. समजा, मधुमेह नसलेल्या शंभर मातांच्या मुलांपैकी दहांत असा एखादा विकार आढळत असेल, तर मधुमेह असलेल्या शंभर मातांच्या मुलांत तो तेरांच्या आसपास आढळेल. फरक तीन मुलांचा. तीन मुले म्हणजे काही नव्हेत असे आम्ही म्हणणार नाही. ज्याच्या घरचे मूल असते त्याला ते शंभर नंबरीच असते. पण उरलेल्या सत्त्याऐंशी आयांना रात्र रात्र जागविण्याचा अधिकार कोणाही उपसंपादकाला नाही. शिवाय मधुमेहही एका जातीचा नव्हे. लग्नाआधीपासून किंवा दिवस राहण्यापूर्वीपासून असलेला मधुमेह निराळा आणि पाचव्या-सहाव्या महिन्यात उद्भवून बाळंतपणानंतर बहुधा ओसरणारा निराळा. पहिल्या प्रकारात मुलाला असलेला धोका दुसऱ्याहून बराच अधिक, असे त्याच अभ्यासात स्पष्ट म्हटलेले आहे. आपल्याकडे आढळणाऱ्या बहुसंख्य गरोदर स्त्रियांचा मधुमेह ह्या दुसऱ्या प्रकारचा असतो.

आता त्या कापल्या गेलेल्या परिच्छेदाकडे वळू. जिला मधुमेह होतो ती स्त्री आणि जिला होत नाही ती स्त्री ह्या दोघींत फक्त साखरेचाच फरक असतो काय? एकीचे वय अधिक असेल, वजन अधिक असेल, घरची ओढाताण निराळी असेल, शिक्षण निराळे असेल, वंशपरंपरेने आलेले गुणदोष निराळे असतील. मुलाच्या मेंदूवर जो परिणाम दिसतो तो साखरेचा की ह्या बाकीच्या गोष्टींचा, हे ओळखावयाचे कसे? संशोधकांनी त्यावर एक नामी उपाय काढला. एकाच आईची दोन मुले घ्यावयाची: एकाच्या वेळी तिला मधुमेह होता, दुसऱ्याच्या वेळी नव्हता. घर तेच, आई-बाप तेच, ताटातले अन्नही बहुतांशी तेच. स्वीडनमध्ये असे पाहिले गेले. सैन्यभरतीच्या वेळी ज्यांची बुद्धिमापन चाचणी झाली होती अशा ७ लाख २३ हजार ७७५ तरुणांची नोंद तेथे तपासली गेली आणि २०१४ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. निरनिराळ्या घरांतील मुलांची तुलना केली तेव्हा मधुमेही मातांची मुले किंचित मागे दिसली. सख्ख्या भावांची तुलना केली तेव्हा तो फरक नाहीसा झाला. अतिचंचलतेच्या बाबतीतही हाँगकाँग, तैवान, न्यूझीलंड आणि उत्तर युरोपातील चार देश मिळून छत्तीस लाख मायलेकरांचा जो अभ्यास २०२४ साली प्रसिद्ध झाला, त्यात भावंडांच्या तुलनेत हेच आढळले. आणि ज्या अभ्यासावरून आम्ही मथळा दिला त्याच्याच पोटात असलेल्या भावंडांच्या अभ्यासांतही संबंध टिकला नाही. म्हणजे ज्या साक्षीदाराच्या जबानीवर आम्ही आईला दोषी ठरविले, तोच साक्षीदार उलटतपासणीत 'मला खात्री नाही' असे सांगत होता, आणि आम्ही त्याची उलटतपासणी छापलीच नाही!

आपल्या देशातला दाखला तर अधिकच विचार करावयास लावणारा आहे. म्हैसूरच्या होल्ड्सवर्थ मेमोरियल हॉस्पिटलात १९९७-९८ च्या सुमारास जन्मलेल्या मुलांवर संशोधकांनी पुढे वर्षानुवर्षे लक्ष ठेवले. ती नऊ-दहा वर्षांची झाली तेव्हा त्यांच्या स्मरणशक्तीच्या, भाषेच्या आणि शिकण्याच्या चाचण्या घेतल्या. २०१० साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. मधुमेही मातांची मुले मागे तर नव्हतीच; काही चाचण्यांत ती इतरांहून सरस ठरली. ह्यावरून मधुमेहाने बुद्धी वाढते असे कोणी म्हणू लागेल तर त्याच्याच बुद्धीची चाचणी घ्यावी लागेल. पाचशेहून अधिक मुलांत मधुमेही मातांची मुले केवळ ३२ होती, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. पण 'साखर वाढली की बुद्धी घटली' असे त्रैराशिक मांडता येत नाही, एवढे तरी म्हैसूरच्या त्या मुलांनी सिद्ध केले.

मग काय, काळजीचे कारणच नाही? तसे नव्हे. वकिली करण्याच्या भरात पुरावा दडपणे हा आमच्या मथळ्याइतकाच मोठा दोष होईल. भावंडांच्या कसोटीवर बुद्धीचा संबंध टिकला नसला, तरी शरीराचा टिकला आहे. अमेरिकेतील अॅरिझोनाच्या पिमा जमातीत, आईला मधुमेह झाल्यानंतर जन्मलेल्या मुलांना पुढे मधुमेह होण्याचा धोका त्यांच्याच आधीच्या भावंडांपेक्षा अधिक असल्याचे २००० साली दाखविले गेले. आणि मेंदूच्या बाबतीतही, साखर दीर्घकाळ बेताल राहिली तर काय घडते ह्याचे जे शास्त्र उलगडले आहे, ते डोळ्यांआड करण्याजोगे नाही.

ते थोडे सविस्तर सांगितले पाहिजे. आईच्या रक्तातील साखर वारेतून गर्भाकडे जाते. आईचे इन्शुलिन मात्र जात नाही. कोपनहेगनचे डॉ. पेडरसन यांनी विसाव्या शतकाच्या मध्यावर मांडलेला सिद्धान्त असा की, ही जादा साखर वापरण्यासाठी गर्भाचे स्वतःचे इवलेसे स्वादुपिंड जादा इन्शुलिन बनवू लागते. इन्शुलिन वाढले की गर्भ फोफावतो, त्याच्या शरीरातील घडामोडी वेगाने होऊ लागतात आणि प्राणवायूची मागणी वाढते. वारेतून मिळणारा प्राणवायू त्या मागणीला पुरेनासा होतो. मग गर्भ तांबड्या पेशी अधिकाधिक तयार करू लागतो, आणि त्यासाठी लोह लागते. लोहाचा साठा तर मर्यादित. शरीर ते प्रथम रक्ताला देते. यकृतातला साठा आटतो आणि अखेरीस मेंदूच्या वाट्याचे लोहही कमी पडते. मेंदूत हिप्पोकॅम्पस नावाचा एक भाग आहे. आठवणी साठविण्याचे काम मुख्यतः त्याचे, आणि गर्भावस्थेच्या अखेरच्या महिन्यांत त्याची वाढ झपाट्याने होत असल्याने लोहाचा तुटवडा त्याला विशेष जाचतो. अमेरिकेतील मिनेसोटा येथील संशोधकांनी नवजात बालकांच्या डोक्यावर विद्युत्लहरी टिपणारी उपकरणे लावून, आईचा आवाज आणि परक्या बाईचा आवाज ऐकताना त्यांचा मेंदू कसा प्रतिसाद देतो ते पाहिले. निरोगी मातांच्या बाळांचा मेंदू दोन आवाजांत स्पष्ट भेद करीत होता. मधुमेही मातांच्या बाळांत हा भेद पुसट होता. वर्षाच्या वयात, पाहिलेली कृती काही वेळाने आठवून पुन्हा करून दाखविण्यातही ती थोडी मागे पडली. हे अभ्यास थोड्या बालकांवरचे आहेत आणि त्यांपैकी प्रत्येक मूल पुढे शाळेत मागे राहिले असे मुळीच नाही. बालमेंदूची सावरण्याची ताकद मोठी असते.

पण ह्यात आपल्या देशापुरता एक धडा आहे, आणि त्याकडे आमच्या मते पुरेसे लक्ष गेलेले नाही. मिनेसोटातील आई लोहाच्या बाबतीत बहुधा सुस्थितीत असते. आपल्याकडे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत गरोदर स्त्रियांपैकी ५२ टक्के रक्तक्षयाने ग्रासलेल्या आढळल्या. जिच्या शरीरात लोह मुळातच अपुरे, तिच्या गर्भावर साखरेने हे आणखी एक ओझे टाकले तर ते कोठून पेलावे? आमच्या पुण्यात के.ई.एम. रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली शहराजवळच्या सहा खेड्यांतील मातांचा अभ्यास सुरू केला. तेथली बाळे वजनाने हलकी, हडकुळी. परंतु त्यांच्या अंगात चरबीचे प्रमाण मात्र त्या मानाने अधिक, असे त्यांना आढळले. मधुमेहाची बीजे लठ्ठपणातच नव्हे तर आईच्या कुपोषणातही असतात, हे जगाला ह्या खेड्यांनी शिकविले. ह्याच मुलांपैकी काहींच्या नवव्या वर्षी चाचण्या घेतल्या तेव्हा, गरोदरपणी ज्यांच्या आयांच्या रक्तात ब-१२ जीवनसत्त्व अगदी कमी होते ती लक्ष आणि अल्पकालीन स्मृतीच्या चाचण्यांत मागे पडलेली दिसली. मुलाचा मेंदू घडविण्याच्या कामात साखर हा एक घटक आहे. लोह आहे, ब-१२ आहे, आईच्या ताटात पडणारे अन्न आहे, आणि त्या ताटावर ती घरात कितव्या पंगतीला बसते हेही आहे.

म्हणूनच उपासाचा प्रश्न आम्हांला सर्वांत चिंतेचा वाटतो. अन्न तुटले की शरीर चरबी जाळू लागते आणि रक्तात किटोन नावाची द्रव्ये वाढतात. ती वारेतून गर्भापर्यंत पोचतात. शिकागोच्या संशोधकांनी १९९१ साली दाखविले की, गरोदरपणाच्या अखेरच्या तिमाहीत ज्या मातांच्या रक्तात ही द्रव्ये अधिक होती, त्यांच्या मुलांचे बालवयातील बुद्धिमापनाचे गुण कमी होते. हाही केवळ संबंध आहे, त्याचे कार्यकारण सिद्ध झालेले नाही, हे आम्ही ह्या वेळी त्याच परिच्छेदात लिहून टाकतो. परंतु साखरेच्या भीतीने उपाशी राहणारी आई ज्या धोक्यापासून पळते त्याच्याच तोंडी जाण्याचा संभव आहे, एवढे म्हणावयास तो पुरेसा आहे. आणि आपले उपास तरी कसले? दिवसभर पोटात अन्न नाही आणि संध्याकाळी बशीभर साबुदाण्याची खिचडी, वर दोन केळी आणि खजूर! दिवसभर किटोन आणि रात्री साखर, अशी दोन्ही टोके एका दिवसात गाठण्याची ही युक्ती परक्या देशांतील लोकांना सुचली नाही. गरोदर स्त्रीने उपास धरू नये, असे आमच्या घरातील वडीलधारी माणसे एके काळी स्वतः सांगत असत. ज्वारी-बाजरीची भाकरी, वरण, मोडाची उसळ, पालेभाजी, ताक, ज्यांना चालते त्यांना अंडी-मासळी, हे तीन वेळा बेताने आणि मध्ये दोन-तीनदा थोडे थोडे खावयाचे. बहुतेकींची साखर एवढ्याने आणि रोजच्या चालण्याने आटोक्यात राहते. ज्यांची राहत नाही त्यांना इन्शुलिन किंवा गोळ्या द्याव्या लागतात, आणि त्यात लाजिरवाणे काही नाही. डोहाळजेवणाच्या दिवशी दोन घास गोड खाल्ले म्हणून आभाळ कोसळत नाही. मात्र 'दोन जिवांची आहेस, दोघांचे जेव' म्हणून डिंकाच्या लाडवांचा मारा करणाऱ्या मावश्या-आत्यांनी आता हात आवरता घेतला तर बरे.

ज्यांना आधीपासून मधुमेह आहे त्यांच्याविषयी दोन शब्द निराळे लिहिले पाहिजेत. मेंदू आणि पाठीचा कणा ज्या नलिकेतून घडतात ती गर्भधारणेपासून अवघ्या अठ्ठावीस दिवसांत मिटते. पाळी चुकली हे ध्यानात येऊन डॉक्टरांची चिठ्ठी मिळेपर्यंत हे काम उरकलेले असते. त्या दिवसांत साखर फार चढलेली असेल तर नलिका अर्धवट राहण्याचा धोका वाढतो. म्हणून अशा स्त्रीने दिवस राहण्यापूर्वीच साखर ताब्यात आणून फॉलिक आम्लाच्या गोळ्या सुरू केल्या पाहिजेत. १९२३ च्या डिसेंबरात ज्यांच्या शोधाला नोबेल पारितोषिक अर्पण झाले त्या इन्शुलिनच्या पूर्वी मधुमेही स्त्रीला सुखरूप मातृत्व लाभणे हे नवल होते; आज ते नवल नाही, केवळ आगाऊ तयारीचे काम आहे.

बाळ जन्मल्यावरचे पहिले काही तासही मोलाचे आहेत. नाळ कापली की आईकडून येणारी साखर एका क्षणात थांबते. बाळाचे इन्शुलिन मात्र पूर्वीच्याच जोरात चालू असते. बाळाची साखर एकदम खाली जाते, आणि मेंदूला तर साखरेवाचून दुसरे इंधन फारसे ठाऊक नाही. न्यूझीलंडमधील हॅमिल्टन येथे अशा बाळांची साखर वेळोवेळी मोजून ती खाली गेली की लगेच उपचार केले गेले. दोन वर्षांच्या वयात ही मुले इतरांच्या बरोबरीची होती. साडेचार वर्षांच्या वयात मात्र, जन्मतः ज्यांची साखर खाली गेली होती त्यांच्यात काही कौशल्ये किंचित कमी भरली. म्हणून पहिल्या तासात अंगावर पाजणे आणि टाचेतून थेंबभर रक्त घेऊन साखर तपासणे, ही दोन कामे टळता कामा नयेत. पहिला चीक 'जड असतो' म्हणून पिळून टाकावयाचा आणि बाळाला मध चाटवावयाचा, ही चाल काही घरांतून अजून गेलेली नाही. ती गेली पाहिजे.

हे सारे कोणी करावयाचे? एकट्या आईने? आमचा खरा मुद्दा येथे आहे. ह्या देशात दहा कोटींहून अधिक माणसांना मधुमेह असल्याचा अंदाज भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीने २०२३ साली दिला. त्यांत पुरुषही आहेत. मधुमेहाकडे शरीराचा कल असणे हे मुलाला दोन्ही कुळांकडून मिळते. पण सुनेची साखर वाढली की तिच्या माहेरची पत्रिका उघडली जाते. नवऱ्याची साखर वाढली की 'कामाचा ताण फार' असे म्हणावयाचे! अशा घरात कोणती स्त्री आपण होऊन तपासणीला जाईल? आमच्या मथळ्यासारखे चार मथळे आणखी छापून आले की ती तपासणी टाळील, निदान लपवील, आणि जो धोका सहज आवरता आला असता तो वाढवून ठेवील.

वस्तुतः सरकारने १० वर्षांहूनही आधी, २०१४ साली, ह्यासंबंधी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि २०१८ साली त्या सुधारल्या. त्या चांगल्या आहेत. पहिल्या भेटीतच प्रत्येक गरोदर स्त्रीला ७५ ग्रॅम ग्लुकोज सुमारे तीनशे मिलिलिटर पाण्यात विरघळवून प्यावयास द्यावयाचे आणि दोन तासांनी रक्त तपासावयाचे. साखर १४० किंवा त्याहून अधिक भरली तर उपचार सुरू. कमी भरली तर चोविसाव्या ते अठ्ठाविसाव्या आठवड्यांत तीच तपासणी पुन्हा. ह्यासाठी उपाशी येण्याची गरज नाही. पहाटे भाकरी खाऊन दोन बस बदलून आलेल्या बाईला 'उद्या अनशापोटी ये' म्हणून परत पाठविले की ती पुन्हा येत नाही, हे ज्याला ठाऊक होते अशा माणसांनी ही पद्धत घडविली. दर महिन्याच्या ९ तारखेस सरकारी दवाखान्यांत गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी करण्याची योजनाही २०१६ पासून आहे. कालच ९ तारीख होती.

काल ह्या शहरातील महापालिकेच्या प्रत्येक प्रसूतिगृहात ग्लुकोजची पाकिटे पुरेशी होती काय? ग्लुकोमीटरच्या पट्ट्या होत्या काय? दोन तास थांबावयाचे तर बसावयास बाक, डोक्यावर पंखा आणि जवळ स्वच्छतागृह होते काय? धुण्याभांड्यांची कामे सोडून आलेल्या बाईला ते दोन तास किती रुपयांना पडले? ज्यांची साखर अधिक निघाली त्यांना काय खावे हे त्यांच्या भाषेत, त्यांच्या मिळकतीत बसेल असे कोणी समजावून सांगितले, की छापील कागद हातात ठेवून पुढच्या नंबराला हाक मारली? महापालिकेच्या आरोग्य खात्याने ह्या वर्षापासून तीन आकडे दर तिमाहीस जाहीर करावेत, अशी आमची मागणी आहे: किती गरोदर स्त्रियांची नोंद झाली, त्यांपैकी किती जणींची ही तपासणी दोन्ही वेळा झाली, आणि ज्यांना मधुमेह निघाला त्यांपैकी किती जणींना बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी पुन्हा तपासले. आम्ही ते आकडे छापू. अखेरच्या परिच्छेदासकट छापू. आयुक्तांना ही मागणी अवघड वाटण्याचे कारण नाही. खड्ड्यांचे आकडे जाहीर करता येतात, तर हेही येतील.

तिसऱ्या आकड्याचा आग्रह आम्ही मुद्दाम धरीत आहोत. जिला गरोदरपणी मधुमेह झाला तिला पुढील आयुष्यात कायमचा मधुमेह होण्याचा संभव इतर स्त्रियांच्या मानाने कितीतरी पटींनी अधिक असतो. पुढच्या खेपेस दिवस राहतील तेव्हा हा मधुमेह आधीपासूनचा झालेला असू शकतो, आणि मग मघाशी सांगितलेले ते अठ्ठावीस दिवस दुसऱ्या मुलाच्या वाट्याला येतात. पण बाळंतीण घरी गेली की सारे लक्ष बाळाकडे लागते. बाळाच्या लसीची तारीख घरातल्या चार माणसांच्या तोंडपाठ असते. आईच्या तपासणीची तारीख कोणी लिहून ठेवलेलीही नसते.

आमच्या त्या विद्यार्थिनीने दुसऱ्याच दिवशी रात्रीचे जेवण पुन्हा सुरू केले. आहारतज्ज्ञ बाईंनी दिलेला तक्ता सासूबाईंनीच स्वयंपाकघरात चिकटविला आणि सुनेबरोबर संध्याकाळी बागेत फेऱ्या मारावयासही त्याच जाऊ लागल्या. मुलगी झाली, दोन किलो आठशे ग्रॅमची. बारशाला आम्ही गेलो होतो. पाळण्यातल्या त्या पोरीने आईचा आवाज येताच मान वळविली, तेव्हा मिनेसोटाचे ते उपकरण आम्हांला आठवले. निघताना आम्ही रुग्णालयाचे घरी सोडतेवेळचे कार्ड मागून घेतले. त्यावर बाळाच्या लसींच्या तारखा होत्या, टाके दाखविण्याची तारीख होती, रुग्णालयाच्या बिलाचा आकडा तर ठळक होता. आईच्या साखरेच्या तपासणीची तारीख नव्हती. भिंतीवरच्या कॅलेंडरावर बोट ठेवून सासूबाईंनी सहा आठवडे मोजले, आणि ती तारीख कार्डाच्या कोपऱ्यात आम्ही पेनाने लिहिली.